साध्या उजेडात बसा

३ फेब्रुवारी

ती. मावशीस,
नमस्कार.

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. बस, चष्मा पूस, मग पुढे वाच.

मला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झाला आहे. हे वाक्य मी चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा ते ‘थोडा त्रास आहे’ असं होऊन बसलं. पाचव्या खेपेला जमलं. फोनवर तर जमलंच नसतं. तुझा आवाज ऐकला की मी धडधडीत खोटं बोलते, हे तुलाही ठाऊक आहे.

नोव्हेंबरात दोन पाळ्यांच्या मधे एकदा रक्ताचा डाग दिसला. एकच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “एवढ्याशा डागावर इतक्या लवकर कोणी येत नाही.” मी म्हटलं, “माझ्याकडे कारण आहे.” जानेवारीत त्यांनी शंकूच्या आकाराचा एक तुकडा कापून काढला. रोग अगदी पहिल्या पायरीवर आहे, पण तुकड्याच्या कडा स्वच्छ निघाल्या नाहीत, आणि पुन्हा कापायला तिथे पुरेसं काही उरलेलं नाही. आता दोन रस्ते आहेत. एक रुळलेला: गर्भाशय काढून टाकायचं. दुसरा अजून चाचणीत असलेला: शिरेतून एक औषध द्यायचं आणि मग रोगाच्या जागी उजेड पाडायचा. ते औषध उजेड पडला की जागं होतं म्हणे.

मला दुसरा रस्ता धरायचा आहे. नवरा म्हणतो, “तू म्हणशील ते.” एरवी बस चालवताना वळण कुठे घ्यायचं हे तो कुणा प्रवाशाला विचारत नाही. इथे मात्र स्टिअरिंग सोडून बसला आहे.

देवापाशी माझ्यासाठी काय मागायचं ते माग, तो तुझा प्रांत. माझं मागणं एकच. मला सुंदर काही लिहू नकोस.

तुझी,
ठिणगी

*

९ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आज्ञेप्रमाणे बसून वाचले. नंतर बराच वेळ उठता आले नाही, एवढेच त्या आज्ञेचे फळ.

तू तेहतीस वर्षांची आहेस आणि जुन्या छायाचित्रांच्या संग्रहालयातल्या त्या काळोख्या खोलीत बसून लोकांच्या पणज्या-पणजोबांचे चेहरे कागदावर उमटवतेस. तेव्हा तुला धीर शिकवण्याचा आव मी आणणार नाही. परंतु मतभेद लपवणारही नाही.

गर्भाशय हे या देहगृहातले एक दालन आहे. दालनाने पेट घेतला असता शहाणा गृहस्थ त्या दालनाच्या भिंतीवरच्या चित्रांचा विचार करीत नाही. तो दालन सोडतो आणि घर राखतो. शास्त्रे पन्नास वर्षे वाचली, त्यांत मला असे एकही वचन आढळले नाही की अंशासाठी पूर्णाला पणाला लावावे. ‘चाचणी’ या शब्दाचा अर्थच मुळी असा, की शेवट काय होईल हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नाही. रुळलेला मार्ग असताना तू आडरानात का शिरावेस?

तुझ्या आईला पोटाच्या विकाराने नेले तेव्हा तू एकोणीस वर्षांची होतीस. माझी धाकटी बहीण गेली, ते मी सोसले. त्याच घरातून दुसरा निरोप घेण्याचे बळ मजजवळ नाही, आणि ते मिळावे अशी प्रार्थनाही मी करणार नाही. मी त्या विधात्याशी भांडणार आहे.

गर्भाशय काढून टाक. जगून दाखव.

तुझी,
मावशी

*

१६ फेब्रुवारी

ती. मावशीस,
नमस्कार.

दालन, घर, आग, भिंतीवरची चित्रं! सुंदर लिहू नकोस म्हटलं होतं ना?

आता माझं ऐक. मला मूल हवं आहे की नाही, हे मला अजून माहीत नाही. कदाचित कधीच नको असेल. पण ते मी ठरवीन. सुरीने ठरवलं आणि मी नंतर मान डोलावली, असं मला चालणार नाही. आणि आडरानाचं म्हणशील, तर डॉक्टरीणबाईंनी मला काहीही गोड करून सांगितलेलं नाही.

मी विचारलं, “बरी होईन?”
त्या म्हणाल्या, “बऱ्याच जणी झाल्या आहेत. सगळ्या नाहीत.”
“आणि नाही झाले तर?”
“तीन महिन्यांनी तिथला तुकडा काढून तपासू. पेशी राहिल्या असतील, तर गर्भाशय काढायचं. तेव्हा ‘अजून एक संधी द्या’ असं म्हणायचं नाही. हे आत्ताच लिहून द्या.”

मी लिहून दिलं. म्हणजे जूनपर्यंत गर्भाशय माझं. जूनमध्ये निकाल.

औषध सगळ्या अंगात पसरतं, पण रोगट पेशी त्याला धरून बसतात. दोन दिवसांनी केसाएवढ्या काचेच्या तंतूतून तिथे उजेड सोडायचा. उजेड पडला की औषध जागं होतं आणि ज्या पेशीत बसलंय तिलाच मारतं. आणि उजेड कुठल्या रंगाचा, ठाऊक आहे? लाल! मी वेड्यासारखी हसत सुटले. पंधरा वर्षं मी लाल दिव्याखाली काम करते आहे, कारण माझ्या कागदाला लाल उजेड दिसतच नाही. माझ्यासाठी लाल म्हणजे ज्याच्याखाली काहीच घडत नाही तो रंग. बाई म्हणाल्या, “मांसात सगळ्यात खोल तोच शिरतो.”

एक अट आहे. औषध कातडीतही उतरतं, त्यामुळे महिनाभर उन्हात जायचं नाही, झगझगीत दिव्याखाली बसायचं नाही, भाजून निघेन. ते मला कोण शिकवणार? उजेडापासून वस्तू कशी वाचवायची हा तर माझा धंदा आहे.

३ मार्चला औषध, ५ मार्चला उजेड. भांडायचं तर त्याआधी भांड.

तुझी,
ठिणगी

*

२१ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

भांडणार नाही. ‘ते मी ठरवीन’ या तुझ्या तीन शब्दांपुढे माझे पन्नास वर्षांचे वाचन निरुत्तर झाले. जिथे पटले तिथे हार मानणे यात मला उणेपणा वाटत नाही.

शनिवारी मी देवळाच्या सभागृहात पोथी वाचते, त्या वाचनानंतर सर्वांनी मिळून तुझ्यासाठी दोन मिनिटे प्रार्थना करावी, असे मी सुचवले. चिटणीस वही सरसावून म्हणाले, “भाचीला काय झालंय म्हणून लिहू?” चाळीस स्त्रिया आणि दहा-बारा पुरुष माझ्याकडे पाहत होते. मी म्हणाले, “पोटाचा विकार.” त्यांनी लिहून घेतले. प्रार्थना उत्तम झाली.

घरी आल्यावर जेवण गेले नाही. कारण पुन्हा केव्हातरी लिहीन.

पहाटे पूर्वेच्या खिडकीत उभी राहते तेव्हा त्या सूर्याला आता निराळेच मागणे घालते: आजवर तू बाहेर उजळलास, आता ज्या जागेकडे कोणी पाहत नाही आणि जिचे नाव कोणी घेत नाही, तिथे जा.

तुझी,
मावशी

*

९ मार्च

ती. मावशीस,
नमस्कार.

झालं. घरी आहे.

औषध गडद तपकिरी रंगाचं होतं. आमच्या जुन्या फोटोंच्या रंगाचं. पाच मिनिटांत शिरेत गेलं. मग दोन दिवस पडदे ओढलेल्या खोलीत. पाच तारखेला आत नेलं तेव्हा वरचे मोठे दिवे बंद होते आणि सगळ्यांच्या डोळ्यांवर काळे चष्मे. डॉक्टरीणबाई, दोन नर्सेस, भूल देणारा, सगळे समुद्रावर निघाल्यासारखे दिसत होते. मी तसं म्हटलं तर भूल देणारा म्हणाला, “बाई, आता हसवू नका, हात हलतो.” नंतर पोटात कळा आल्या, दोन दिवस चांगल्याच. आता कमी आहेत.

संध्याकाळ उलटल्यावर घरी आलो. मी नवऱ्याच्या रेनकोटात, हातमोजे, टोपी, तोंडाला फडकं. जिन्यात शेजारीणबाई भेटल्या आणि “चोर!” म्हणून ओरडल्या. हा म्हणाला, “चोर नाही हो, वटवाघूळ आहे. पाळीव.”

माझी खोली बघायला हवी होतीस. खिडकीला आतून दुहेरी काळा कागद, कडांना चिकटपट्टी, दाराच्या फटीत नमद्याचं जाड लोकरी कापड, किल्लीच्या भोकात मेण. दहा मिनिटं बसून डोळे सरावले की उरलेली फट दिसते, ती बुजवायची. तीन दिवसांत शेवटची फटही गेली. दवाखान्याने पत्रक दिलंय, त्यात लिहिलंय, ‘घरातल्या साध्या उजेडात बसा, अंधार करून घेऊ नका.’ ह्याने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं. मला हसू आलं. हे लिहिणाऱ्याने जन्मात फोटोचा एक कागद धुतला नसेल. हा अजून कुरकुरतोय. तू काय म्हणतेस?

पत्रं लिहिण्यापुरता जेवणघरातला दिवा दार किलकिलं करून घेते. अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

तुझी,
ठिणगी

*

१४ मार्च

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र चारदा वाचले आणि चारदा ईश्वराचे आभार मानले.

अंधाराविषयी विचारतेस. पत्रके ही सर्वसामान्यांसाठी असतात. ज्याला अंधार कसा राखावा ते कळते त्याने थोडे अधिक राखले तर बिघडत नाही. आणि अंधाराला भिऊ नकोस. ऋषी गुहेत गेले ते उजेडाला पाठमोरे होण्यासाठी नव्हे, त्याला सामोरे जाण्याची पात्रता यावी म्हणून. बीज मातीत, रत्न खाणीत आणि प्रत्येक देहधारी आईच्या उदरात, सारे प्रथम अंधारातच राखले जाते. तू कोंडलेली नाहीस, राखलेली आहेस. हा महिना तुझे तप आहे असे समज, आणि शेवटची फटदेखील श्रद्धेने बुजव.

सुंदर लिहू नकोस म्हणाली होतीस. परंतु आज आनंद झाला आहे, तेव्हा एवढे क्षमा कर.

तुझी,
मावशी

*

५ एप्रिल

ती. मावशीस,

तुझं पत्र मी भिंतीला लावलं होतं. दिसत नव्हतं, पण कुठे आहे ते माहीत होतं. हात लावून झोपायची. जेवणसुद्धा अंधारात. हा म्हणायचा, “पत्रक वाच गं एकदा,” आणि मी म्हणायची, “मावशीने लिहिलंय.”

महिना झाल्यावर घरी एक परीक्षा करायची असते. कागदी पिशवीला नाण्याएवढं भोक पाडायचं, तीत हात घालायचा आणि दहा मिनिटं हात उन्हात धरायचा. दुसऱ्या दिवसापर्यंत काही झालं नाही तर सुटलात. दार किलकिलं करून मी पिशवीतला हात बाहेर धरला. महिन्याने ऊन लागलं तर रडूच आलं. संध्याकाळपर्यंत त्या नाण्याएवढ्या जागी टरारून फोड आला.

काल डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी फोड पाहिला, मग माझा चेहरा.

“बसता कुठे दिवसभर?”
मी अभिमानाने सगळं सांगितलं. काळा कागद, नमदा, मेण.
त्यांनी पेन खाली ठेवलं. “पत्रक वाचता येतं का तुम्हाला?”
“मी डार्करूममध्ये काम करते.”
“तुम्ही फोटोचा कागद नाही! कातडीतलं औषध कशाने जातं? साध्या, मंद उजेडाने. रोज थोडं थोडं. तुम्ही ते महिनाभर जसंच्या तसं जपून ठेवलंत. लोणच्यासारखं!”

रोगाचं त्याने बिघडलेलं नाही, तो निकाल जूनमध्येच. पण आणखी किमान दोन आठवडे कोंडवास, तोही मी स्वतः मागवलेला. पंधरा वर्षं उजेडापासून वाचवणं म्हणजे राखणं, एवढंच शिकले मी. चूक माझी आहे. पण मावशी, तुला काय माहीत होतं त्या औषधाबद्दल? काहीच नाही. तरी लिहिलंस. आणि इतकं छान लिहिलंस की मी पत्रकाला हसले.

कागद फाडून टाकलाय. पातळ पडदा लावून बसले आहे.

ठिणगी

*

९ एप्रिल

चि. ठिणगीस,

आशीर्वाद देण्याचा अधिकार या पत्रापुरता बाजूला ठेवते.

तू विचारलेस, मला काय ठाऊक होते. काहीही नाही. अज्ञान हे पाप नव्हे. परंतु अज्ञानाला अलंकार घालून पाठवणे हे पाप आहे, आणि ते मी प्रथम केलेले नाही.

तुझ्या आईला पोटाचा विकार नव्हता. तिला तुझाच रोग होता. पाळी थांबल्याला वर्ष उलटले होते आणि पुन्हा रक्त जाऊ लागले. लाजेने तिने कोणालाच सांगितले नाही. मला मात्र पत्राने कळवले. ‘काय करू?’ एवढे दोनच शब्द शेवटी होते. मी तिला चार पानांचे उत्तर धाडले. देह हा भोगांचा वाटसरू आहे, भोग येतात आणि जातात, साक्षीभावाने पाहावे, सोसणाऱ्याच्या ठायी तेज उतरते. ते फार सुंदर पत्र होते. तिने उलट लिहिले, ‘वाचून शांत वाटले.’ ती आठ महिने शांत राहिली. नंतर डॉक्टरांना जे दिसले त्याच्यावर इलाज नव्हता.

चौदा वर्षे मी ‘पोटाचा विकार’ म्हणत आले. तिची लाज राखते असे स्वतःला सांगत होते. राखत होते ती माझी.

शास्त्रांचा यात दोष नाही. ज्यांनी ती रचली त्यांनी डोळे उघडे ठेवून रचली. मी मात्र त्यांच्या शब्दांनी दोनदा एका बाईच्या खोलीची फट बुजवली.

क्षमा मागत नाही. ती मागणे म्हणजे तुझ्यावर आणखी एक ओझे घालणे.

मावशी

*

२२ एप्रिल

चि. ठिणगीस,

उत्तर नाही. मागतही नाही. दुसऱ्यांदा हात उन्हात धरलास की नाही, तेवढे तुझ्या बसवाल्या सारथ्याकडून एका ओळीत कळव.

मावशी

*

३० एप्रिल

ती. मावशीस,
नमस्कार.

धरला. काही झालं नाही. गेला आठवडा मी रोज रस्त्याच्या त्याच बाजूने चालते आहे जिथे ऊन आहे. हा म्हणतो, “बाहेर पडलेलं वटवाघूळ आवरत नाही.”

तीन आठवडे लिहिलं नाही, कारण रागावले होते. पण तुला वाटतंय त्या कारणाने नाही.

मला माहीत होतं.

आईच्या शिवणयंत्राच्या खणात, रिळांच्या खाली, तुझं ते चार पानी पत्र मला सापडलं तेव्हा मी वीस वर्षांची होते. तिने त्याच्या घड्या इतक्या वेळा घातल्या होत्या की कागद कापडासारखा मऊ झाला होता. ‘सोसणाऱ्याच्या ठायी तेज उतरते’ ह्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती. मी वाट बघत होते तू कधी सांगशील याची. तेरा वर्षं. फेब्रुवारीत तू पुन्हा ‘पोटाचा विकार’ लिहिलंस तेव्हा कागद टेबलावर आपटला होता.

म्हणूनच लिहिलं होतं, सुंदर काही लिहू नकोस.

तरी मार्चमध्ये तू ते गुहेचं लिहिलंस, आणि ते वाचून मला शांत वाटलं! सगळं माहीत असून! राग त्याचा आला. आईला किती शांत वाटलं असेल ते मला तेव्हा कळलं. तिला नावं ठेवायची मी, ‘एवढी शिकलेली बाई, गप्प कशी बसली?’ आता ठेवणार नाही.

आता दुसरी गोष्ट. एका डागावर दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात गेले, कारण आहे म्हटलं होतं ना, ते कारण तुझं पत्र होतं. बाथरूममध्ये डाग दिसला आणि तुझं सुबक अक्षर डोळ्यांपुढे आलं, ‘साक्षीभावाने पाहावे.’ मी म्हटलं, “मसणात गेला साक्षीभाव,” आणि सकाळच्या पहिल्या बसने निघाले. हाच चालवत होता. त्या पत्राने आईला थांबवलं आणि मला हाकललं.

ते पत्र सोबत पाठवते आहे. ते माझ्या घरात नको, आणि फाडायचं असेल तर तू फाड. पण जमलं तर काहीतरी कर त्याचं.

तुझी,
ठिणगी

*

७ मे

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद. (तू ‘तुझी’ लिहिलेस, म्हणून.)

पत्र फाडले नाही. सभागृहात नेले.

शनिवारी वाचनाची पोथी मी उघडलीच नाही. चौदा वर्षांपूर्वीचे माझे पत्र वाचते असे सांगून चारही पाने वाचली. लोक माना डोलावत होते. पुढच्या रांगेतली शिंपीण डोळे पुसत होती. वाचून झाल्यावर मी म्हणाले, “आवडले ना? या पत्राने माझी बहीण मेली.”

मग मी जे म्हणाले त्यात एकही अलंकार नव्हता. गर्भाशयाचे मुख म्हणजे काय, ते कुठे असते, दोन पाळ्यांच्या मधे, संबंधांनंतर किंवा पाळी कायमची थांबल्यावर रक्त गेले तर ते सोसायचे नसते, दाखवायचे असते. आणि काहीच होत नसले तरी तपासून घ्यायचे असते. मी ते शब्द जसेच्या तसे उच्चारले.

चिटणीस उठले. “बाई, इथं पुरुष मंडळी बसली आहेत.”
“बसू देत. त्यांच्या घरीही बायका आहेत.”
“हे देवाचं स्थान आहे हो!”
“मग तर इथे खोटे बोलायला नको. फेब्रुवारीत मी इथेच खोटे बोलले. तुमच्या वहीत ‘पोटाचा विकार’ लिहिले आहे, ते खोडा. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग असे लिहा. सांगू का एकेक अक्षर?”

त्यांनी माइक बंद केला. म्हणाले, “यंत्र बिघडलंय वाटतं.”
“यंत्र ठीक आहे. मी चाळीस वर्षे वर्ग घेतले आहेत, मला माइक लागत नाही.”

आणि तशीच बोलत राहिले. तिघे पुरुष उठून गेले. एक गृहस्थ मात्र दारापर्यंत जाऊन परत आले आणि बायकोशेजारी बसले. तेवढ्यात शिंपीण उभी राहिली. “पाळी जाऊन सहा वर्षं झाली. दोन महिन्यांपासून परत अंगावरून जातंय. ते पण ह्यात येतं का, बाई?”

“येते. उद्या सकाळी. मी तुमच्याबरोबर येते.”

रात्री चिटणिसांचे पत्र आले: पुढील सूचनेपर्यंत शनिवारचे वाचन स्थगित. मी उत्तर धाडले: सूचना मिळाली, शनिवारी नेहमीच्या वेळेस येत आहे, दार बंद असल्यास पायरीवर वाचू.

मी देवाला सोडलेले नाही. त्याचा आडोसा करणे तेवढे सोडले आहे.

तुझी,
मावशी

*

१० जून

ती. मावशीस,
नमस्कार.

आज सकाळी अहवाल आला. डॉक्टरीणबाईंनी लिफाफा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, “पत्रक वाचता येत नाही तुम्हाला, हे तरी येईल का?”

हा शेजारी बसला होता, रजा न टाकता. बस कोण चालवत होतं देव जाणे.

चार जागचे तुकडे तपासले. चारही ठिकाणी रोगट पेशी नाहीत.

मी ती ओळ तीनदा वाचली. मग विचारलं, “म्हणजे बरी झाले?” त्या म्हणाल्या, “म्हणजे आज नाहीत. तीन महिन्यांनी पुन्हा. मग पुन्हा. काही वर्षं तुम्हाला माझं तोंड पाहायचंय.” मी म्हटलं, “पाहीन.” ह्याने विचारलं, “गर्भाशय?” “जागच्या जागी,” त्या म्हणाल्या. “त्याचं काय करायचं ते तुम्ही बघा.” मी म्हटलं, “तेही मीच बघीन.” ह्याने टेबलावरची पत्रकांची चळत व्यवस्थित रचली, उगाचच, आणि वरचं एक घडी करून खिशात घातलं.

सोमवारपासून पुन्हा कामावर जाते आहे. पहिल्या दिवशी डार्करूममधला लाल दिवा लावला आणि त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. ओळख नव्याने करून घ्यावी लागली.

मावशी, शिंपीणबाईंचं काय झालं ते कळव. आणि आता माझी बंदी उठली असं समज. एकदा, फक्त या वेळेस, सुंदर लिही. त्या फोडाचा तपकिरी डाग हाताच्या मागे अजून आहे, नाण्याएवढा. त्याच्यावर लिहिलंस तरी चालेल.

तुझी,
ठिणगी

*

१४ जून

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

नाही. लिहिणार नाही.

पत्र वाचून रडले. एवढेच.

शिंपिणीला रोग आहे. मधली पायरी. उपचार सुरू झाले आहेत. उजेडाचे नव्हे, दुसरे. तिच्याबरोबर मी जाते. तिला काय लिहावे, काय बोलावे, हे मी तिलाच विचारते.

आम्ही आता पायरीवरच बसतो. सभागृहाचे दार गेल्या शनिवारी त्यांनी आपणहून उघडले, पण पायरीवर उजेड बरा आहे. मी पोथी वाचते, मग अर्धा तास बायका विचारतात आणि मला ठाऊक नसेल तिथे ‘ठाऊक नाही’ असे सांगते. हे वाक्य मला सत्तराव्या वर्षी शिकता आले.

पुढच्या शनिवारी वाचनानंतर अकरा बायकांना तपासणीला नेते आहे. चिटणिसांच्या पत्नी बारावी असतील. सारथ्याला विचार, बस मिळेल का. नसेल तर चालत जाऊ.

तू ये. आत काय करतात, किती दुखते, काळे चष्मे घालून कोण कसे दिसते, ते त्यांना सांग. माझ्याकडून ऐकण्यापेक्षा तुझ्याकडून ऐकणे बरे.

पत्रक घेऊन ये. उन्हात टोपी घाल.

तुझी,
मावशी